बॅटरी टक्के एकोणीस येथील लढाई

वाचणारांनी चित्त ठिकाणी ठेवावे. घरगाडीचे छपरावर काय घडले, कोणाचे हातून घडले, आणि सूर्य माथ्यावर तळपत असता गाडीतील वीज कां आटली, याविषयी लोक हल्ली भलभलते बोलतात. कोणी म्हणतो बॅटरीच नासकी, कोणी म्हणतो सासूबाईंचा शेक भोवला. सबब जे घडले ते यथास्थित, पदरचे काही न घालता, आणि घातलेच तर थोडके घालून, येथे लिहून ठेविले आहे.

या दौलतीचे धनी श्रीमंत कव्हरवाले. यांणी चाळीस वर्षे लोकांच्या सोफ्यांस, खुर्च्यांस आणि गाद्यांस कव्हरे शिविली, आणि त्या पायी त्यांचा स्वभाव ऐसा जाहला की उघडी वस्तू दृष्टीस पडली की जीव कासावीस व्हावा. टीव्हीच्या रिमोटास कव्हर, गॅसच्या टाकीस कव्हर, स्टेपनीस कव्हर, आणि कव्हरे ठेवावयाची जी पेटी तीसही कव्हर. मग दुकान आवरून श्रीमंतांनी पाव वाहणारी एक जुनी व्हॅन पैदा केली आणि तीन वर्षे खपून तिची घरगाडी केली. आत बिछाने, ओटा, फ्रीज, वीतभर न्हाणीघर, आणि छपरावर तीन सोलर पॅनेल, की ज्यांणी दिवसा ऊन प्यावे, बॅटरीत वीज साठवावी, आणि गाडीने कोणापुढे हात पसरू नये. उतारवयात त्यांची एवढीच एक हौस होती.

बॅटरीत किती टक्के वीज शिल्लक, हे दाखविणारा चिमुकला पडदा दाराशी बसविला होता आणि श्रीमंतांची नजर त्यावरून ढळत नसे. घास तोंडात आणि नजर पडद्यावर. आकडा पंधराखाली उतरला की वीज आपोआप तुटे आणि गाडी मुकी होई, म्हणून पंधरा हा आकडा त्या गाडीत कोणी मोठ्याने उच्चारीत नसे.

सोबत दोन असामी. एक खुद्द बाईसाहेब, श्रीमंतांच्या पत्नी, ज्यांणी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे मदतनीस म्हणून काचेच्या नळ्या धुतल्या आणि धुता धुता विज्ञानही बरेच ऐकिले. दुसऱ्या त्यांच्या मातोश्री, श्रीमंतांच्या सासूबाई, वय ब्याऐंशी, आणि त्यांचे गुडघे त्यांच्याहून वडील.

पहिला महिना सुखाचा गेला. मग मागील मुक्कामापासून काय दृष्ट लागली कळेना. ऊन तेच, पॅनेल तेच, आकडा मात्र चढेना. पहिली शिकस्त ऐसी जे, सासूबाई न्हाणीघरात साबण लावून उभ्या असता दिवा गेला, पाण्याचा पंपही गेला, आणि त्यांस फेसानिशी अंधारात तिष्ठावे लागले. दुसरी शिकस्त विजेच्या शेगडीवर भात अर्धा शिजला असता जाहली आणि तो भात तिघांनी एकमेकांकडे न पाहता चावून खाल्ला. मग बाईसाहेबांनी ताट खाली ठेविले आणि तहाचे एकच कलम सांगितले.

"तिसऱ्यांदा वीज गेली की गाडी मागं वळवायची. घरी जायचं आणि ही विकायची. मला वाद नको."

श्रीमंतांची तीन वर्षांची मेहनत आणि उतारवयाची एकुलती हौस एका पंधराच्या आकड्यास बांधली गेली होती. तथापि त्यांणी मान डोलाविली, कारण दातांत अजून कच्चा भात होता.

यानंतर तळ्याकाठी, दाट झाडांखाली तळ पडला आणि दुसरे दिवशी सकाळी पडद्यावर आकडा एक्केचाळीस दिसला. श्रीमंतांनी उभ्या उभ्या मसलत केली, आणि मसलतीस ते एकटेच हजर असल्याने ती तत्काळ एकमताने मंजूर जाहली. ठरले ऐसे की गाडी सावलीतून काढून उघड्या माळावर न्यावी. सासूबाईंनी कळविले की गाडी हवी तिकडे न्यावी, आपली खुर्ची झाडाखालून हलणार नाही. मग गाडी माळावर गेली, झाडाखाली सासूबाईंचे ठाणे राहिले, आणि दहा वाजेतो गाडी आतून भट्टी जाहली. आकडा अडतीस.

मग श्रीमंतांनी कडक अंमल बसविला. पंखा बंद. फ्रीज विचारल्यावाचून उघडणे नाही, आणि उघडल्यास काय हवे ते आधी मनाशी ठरवून उघडणे. मोबाइल चार्ज करणे मना. चहाची विजेची किटली पहिली संशयित म्हणून तिला कव्हर घालून वरच्या फळीवर कैदेत टाकिले. बाईसाहेब घामाने निथळत, पुस्तकाने वारा घेत हे सर्व पाहात होत्या, आणि ज्यांस संसाराचा अनुभव आहे त्यांस हे किती भयंकर ते सांगणे नलगे. इतके करूनही आकडा एकतीस.

तेव्हा श्रीमंत फितुरीच्या शोधास लागले. प्रत्येक वायर हाताने चाचपीत गेले, तो एक वायर खिडकीतून बाहेर पडून गवतातून सरपटत थेट झाडाखाली गेलेली आढळली. तिच्या टोकास शेकाची विजेची पिशवी, पिशवीखाली गुडघा, आणि गुडघ्यामागे सासूबाई, डोळे मिटून, परमसुखात.

"आई, अहो इतक्या उन्हात शेक घेता?"

"जावईबापू, गुडघा माझा आहे आणि बॅटरी तुमची," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "गुडघा ब्याऐंशी वर्षं चाललाय. तुमची ती बॅटरी किती चालली?"

श्रीमंतांनी वायर गुंडाळून जप्त केली आणि मागे वळून न पाहता परत फिरले. आता फितूर सापडला, आता आकडा चढतो, ऐसे मनास समजावीत ते पडद्यापुढे स्टूल टाकून बसले. दुपार जाहली, सूर्य नेमका छपरावर आला, सावली पायाखाली गेली, आणि आकडा चढावयाचा सोडून तेवीस जाहला, मग बावीस. गनीम बाहेर असता तर त्याशी दोन हात केले असते. परंतु पंखा बंद, किटली कैदेत, सासूबाई निःशस्त्र, आणि तरी कोठी रिती होते, म्हणजे लढावे तरी कोणाशी?

याच समयी शेजारच्या तळावरून दातांचे डॉक्टर दाखल जाहले. यांची गाडी दुमजली बसएवढी उंच, पोटात जनरेटर, आणि हे छपरावर खुर्ची टाकून दिवसभर चहूकडे पाहात बसत. स्वभावाने भला मनुष्य. खांद्यावर जाड वायरचे वेटोळे घेऊन आले आणि म्हणाले, "काका, ही लावा आमच्या गाडीला. संकोच कसला? आमचा जनरेटर चालूच असतो."

ही कुमक होती, परंतु श्रीमंतांस ती मांडलिकी वाटली. ज्या गाडीने कोणापुढे हात पसरू नये म्हणून तीन वर्षे खपलो, तिने आज दुसऱ्याच्या वायरीवर जगावे, त्यापेक्षा ती विकलेली काय वाईट, ऐसे त्यांच्या मनात आले, आणि हे मनात आल्याचे पाहून ते स्वतःच घाबरले. त्यांणी हात जोडून डॉक्टरांस नकार दिला. पडद्यावर एकोणीस.

डॉक्टर निघाले, मग थांबले, आणि वाईट वाटू नये म्हणून काही गोड बोलावे ऐसे मनात आणून बोलले, "बाकी काही म्हणा काका, वरून तुमची गाडी काय देखणी दिसते! त्या पॅनेलना लाल कापडाचा काठ लावलाय ना, तसं काम आजकाल बघायला मिळत नाही."

गाडीतील पुस्तकाचा वारा थांबला. बाईसाहेब दारात आल्या.

"काठ? कुठं काठ?"

"पॅनेलला. चारी बाजूंनी. चांगला चार बोटं रुंद," डॉक्टरांनी बोटे दाखविली, आणि दोघांची तोंडे पाहून आपले काही काम आठवले ऐसे दाखवून वायरीसह निघोन गेले.

"अहो," बाईसाहेब अगदी हळू म्हणाल्या, "पॅनेलवर काय शिवलंय तुम्ही?"

श्रीमंतांची मान खाली गेली. "मगजी लावली गं. कडा नुसत्या उघड्या होत्या, पत्र्याच्या. बघवेना. मागच्या मुक्कामाला तुम्ही दोघी दुपारी झोपला होता, तेव्हा बसवली. तुला दाखवणार होतो, पण तू काही शिडी चढत नाहीस."

बाईसाहेबांनी कपाळास हात लाविला. मग त्यांणी, तीस वर्षे जे कानावर पडले त्याच्या आधारे, समजावून दिले की पॅनेलात लहान लहान चौकोन असतात आणि ते सारे, तिन्ही पॅनेलांचे मिळून, एका ओळीने जोडलेले, त्यातील कडेचे चौकोन झाकले की वीज तेथेच अडते. पाण्याच्या पाइपावर एके ठिकाणी पाय दिला की पुढे पाणी जात नाही, तद्वत. म्हणजे आठ दिवस या दौलतीचा गळा ज्याने दाबिला तो किटली नव्हे, सासूबाई नव्हेत, तर खुद्द श्रीमंतांची सुई होती.

श्रीमंतांनी कातर घेतली आणि शिडी लाविली. खाली बाईसाहेबांनी शिडी धरिली, मान वळवून दारातून पडद्यावर नजर ठेविली, आणि झाडाखालून सासूबाईंनी खुर्ची वळवून मोहिमेकडे तोंड केले. छपराचा पत्रा इतका तापला होता की गुडघे टेकवत नव्हते. समोर ती मगजी, गडद लाल, कोपरे काटकोनात दुमडलेले, एक टाका दुसऱ्याहून तसूभर लांब नाही. श्रीमंतांनी लोकांची शिवण हजार वेळा उसविली होती, परंतु स्वतःच्या पुऱ्या झालेल्या कामास कातर लावण्याची वेळ पहिलीच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि घामात मिसळले, म्हणून ते कोणास दिसले नाही.

पहिले पॅनेल मोकळे जाहले.

"एकोणीसच," बाईसाहेब ओरडल्या.

दुसरे मोकळे जाहले.

"अठरा! अहो, अठरा झाले!"

श्रीमंतांस वाटले, आपली सुई निर्दोष, बॅटरीच मेली, आणि आपण उगाच हे सोन्यासारखे काम फाडतो आहो. खाली उतरावे, तह पाळावा, गाडी वळवावी. तो झाडाखालून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "आता अर्ध्यावर थांबू नका, जावईबापू! तिसरं पण उसवा!" आणि श्रीमंतांनी दात ओठ खाऊन तिसऱ्या पॅनेलावर चाल केली, अंगठा कापला तरी न थांबता टाके तटातट तोडिले, आणि लाल कापड ओढून काढिले.

मग श्रीमंत कातर हाती धरून छपराच्या कडेशी आले.

"अठरा," बाईसाहेब म्हणाल्या. मग, "थांबा." मग, "एकोणीस. अहो एकोणीस! चढतोय! वीस झाले, चढतोय अहो!"

त्या दुपारी आकडा जो चढला तो थांबला नाही. तीस, बेचाळीस, पंचावन्न, आणि उन्हे कलू लागली तेव्हा सदुसष्ट. श्रीमंतांनी भाजलेले गुडघे पाण्याने निववून सारे हुकूम मागे घेतले. पंखा फिरू लागला, किटली कैदेतून सुटून ओट्यावर आली आणि सूं सूं करू लागली, आणि शेकाची वायर त्यांणी स्वहस्ते झाडापर्यंत नेऊन सासूबाईंच्या गुडघ्यास लावून दिली. सासूबाईंनी डोळे मिटले आणि एक डोळा उघडून म्हणाल्या, "तुम्ही पण घ्या थोडा. तुमचेही गुडघे आज कामी आले."

मग श्रीमंत बाईसाहेबांपुढे चहाचा कप ठेवून तहाचा निकाल ऐकावयास उभे राहिले, आणि सवयीने नजर पडद्याकडे गेली.

"बघा," बाईसाहेब म्हणाल्या, "आत्तासुद्धा तिकडंच. घरी मलाही जायचं नव्हतं हो. पण हे दिवे जायला लागल्यापासून माझ्याशी बोलताना तुम्ही त्या आकड्याकडं बघता. म्हटलं, घरी गेलो तर निदान माझ्याकडं बघाल."

एवढ्या मोठ्या मोहिमेत हे एक ठाणे आपण केव्हाच गमावून बसलो होतो, आणि त्याची खबरही आपणास नव्हती, हे श्रीमंतांस फार लागले. मग त्यांणी स्टूल उचलिले, पडद्याकडे पाठ करून बाईसाहेबांसमोर टाकिले आणि बसले.

"कुठं जायचं उद्या?" त्यांणी विचारिले.

"पुढं," बाईसाहेब म्हणाल्या. "कुठंतरी पुढं."

येणेप्रमाणे घरगाडीची मोहीम फत्ते जाहली. जखमी दोन गुडघे आणि एक अंगठा, लूट चहाचे तीन कप. तह रद्द, दौलत कायम, कूच उद्या सकाळी. फत्तेसमयी बॅटरीचा आकडा किती होता तो कोणी पाहिला नाही, सबब येथे लिहिला नाही.