या मेल्या!

सौदीतल्या तबूकपासून बरंच आत, वाळवंटात, अबू सालेम नावाचा एक म्हातारा बदू, म्हणजे तिथल्या भटक्या टोळीतला माणूस, आलेल्या पाहुण्याला "या मेल्या!" म्हणून मिठी मारतो. हा मराठीतला आदराचा शब्द आहे अशी त्याची समजूत. 'या' त्याच्या अरबीतली हाक, आणि 'मेल्या' त्याला दत्ताराम सावंतने दिला. एकदा पाहणीला आलेल्या सरकारी साहेबालाही त्याने असंच मिठीत घेतलं. सावंत तंबूमागे जाऊन पोट धरून हसला. तो हसलेला मी तेवढाच पाहिला.

एरवी हा माणूस चिडलेलाच. मूळ मालवणचा, सौदीतच राबिघ शहरात इंजिनियर. निवृत्त झाल्यावर गावी जायचं सोडून त्याने अबू सालेमबरोबर सफारी सुरू केली. मोजके तंबू, सौरदिवे, स्वयंपाक अबू सालेमच्या घरच्या बायकांचा, गाड्या त्याच्या पुतण्यांच्या. गाडी ठरलेल्या वाटेवरूनच. चाक जरा बाहेर गेलं की सावंत आडवा.

"मेल्या, थंय हरणां चरतत. तुझो हायवे हा काय?"

फोटोसाठी हरणामागे गाडी पळव म्हणणाऱ्या एका मॅनेजरला त्याने खाली उतरवलं. "आता तू पळ. मी फोटो काढतंय."

या सावंतने भरल्या ताटावरून माणसं उठवली, हा किस्सा तबूकच्या मराठी मंडळात आजही रंगवून सांगतात. परवा पुण्यात फोनवर कुणीतरी मलाच तो ऐकवला आणि माझं डोकं फिरलं. हसतात कसले? आणि त्यांना तरी काय बोलू! किस्सा मीच पसरवलेला. तबूकच्या इस्पितळातला जुना डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार?

घडलं ते असं. आमच्या मंडळाची सहल सावंतकडे गेली होती. जेवण गॅसवर तयार होतं, पण आम्हाला विस्तवावरचं वांग्याचं भरीत हवं! इथे लाकूड जाळायचं नाही, सावंतने बजावलं होतं. अबू सालेम गावात गेला होता. सावंतची पाठ वळताच मी बाभळीची हिरवी फांदी मोडली. तिथे सावली देणारं तेवढं एकच झाड. दुपारी हरणं त्याखाली येऊन बसत, आणि पाहुणे तेच बघायला येत.

सावंतने फांदी पाहिली. मला 'मेल्या'सुद्धा म्हणाला नाही.

"डॉक्टर, ह्यां झाड तुमच्या बापाशीन लावल्यान? खलास. गाडीत बसा सगळे."

सांगताना मी फांदी गाळली, ताट ठेवलं. मराठी पाहुणे बंद झाले. अबू सालेमचा थोरला पुतण्या गाडी विकून दूर दक्षिणेला खमीस मुशैतला नोकरीला गेला.

भारतात परतण्याआधी माफी मागायला गेलो. अबू सालेमने आधी मला गाठलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "डॉक्टर, सावंतला माफ करा. फांदी त्यानेच तोडली, मला कबूल केलं त्याने. वर तुम्हाला उपाशी घालवलं. त्याच्यामुळेच तुमचे लोक येईनासे झाले ना? तुमची माणसं एवढी चांगली, त्यांत हा एकच असा कसा?"

मी सावंतकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच मला दटावलं. आणि मी, लाज सोडलेला माणूस, गप्प बसलो.

सावंत गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा मी विचारलं, "का रे असं सांगितलंस?"

"इतके दिवस त्याका सांगत होतंय," तो खेकसला, "माझी माणसां येतली, बघ कशी असतत ती. मगे काय सांगूक होया होता?"