कवडूजींचा तलाव

कवडूजी दिवसभर विणत आणि संध्याकाळी त्यातले निम्मे उकलून टाकत. मोहाडीत त्यांचा माग माझ्या खिडकीसमोरच आहे. म्हणून हे मी पाहून सांगतो, ऐकून नव्हे.

वाचकांनी एक भेद ध्यानात घ्यावा. साडी अंगासाठी विणतात, भित्तिपट भिंतीसाठी. जन्मभर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणलेले कवडूजी उतारवयात भित्तिपटाकडे वळले आणि उभ्या मागावर एकच चित्र घेऊन बसले: आसगावचा तलाव. आसगाव हे त्यांच्या पत्नीचे, भागरथाकाकूंचे माहेर. काकूंची दृष्टी गेली तेव्हा त्यांनी एवढेच मागितले होते, "मले एकडाव आमचा तलाव पाहाचा हाय." म्हणून या पटात पाणी सपाट, पार म्हणजे तलावाचा बांध जाड आणि माणसे चांगली उठावाची. रोज संध्याकाळी काकू बोटांनी तपासणी करीत.

"पारीवरचं झाड डावीकडं व्हतं जी. तुमाले जावई म्हून पानसुपारीच दिसली, तलाव काई दिसला नाई."

"उकलतो," कवडूजी म्हणत. भाजीत मीठ जास्त पडले तरी त्यांच्या तोंडी हाच शब्द: "उकला!"

नागपूरच्या एका प्रदर्शनाने तो पट अपुरा असतानाच निवडला. न्यायला गाडी येण्याचा दिवस ठरला. कलाकृती कुठेतरी थांबवावी लागते, हे मी त्यांना उदाहरणांसह समजावले.

"मास्तर, तिनं हो म्हटल्याबिगर ताना कापत नाई." ताना म्हणजे मागावरचे उभे धागे; ते कापले की पट सुटतो आणि विणणे संपते.

गाडी आली तेव्हा मागावर ऊन उतरले होते. कोशाचे पाणी संथपणे हलते आहे, असा भास होत होता. काकूंची बोटे त्या पाण्यावरून तरंगत पारीपर्यंत गेली. बाहेर हॉर्न वाजला. बोटे तिथेच थांबली.

"बराबर हाय. जाऊ द्या."

मी कात्री पुढे केली. कवडूजींनी ती घेतली नाही. काकूंचा हात उचलून त्यांनी पारीपलीकडे, धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बायांवर ठेवला.

"अन् येथी?"

काकूंनी एकेक बाई चाचपली. मग हसू आवरेना. "बाया उभ्या कायले विनल्या जी? रोवना वाकून करतेत!"

"मंग बराबर हाय काहून म्हटलं?"

"तुमी थकले असान म्हून."

कवडूजींनी मला गाडी परत पाठवायला सांगितले, पहिल्या बाईच्या पाठीचा धागा मोकळा केला आणि विचारले, "यातली तुही माय कोन्ती?"