डोळे मिटून पालकसभा

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी यंदा ठरवलंच होतं, पालकसभेत आवाज चढवायचा नाही. मागच्या खेपेला त्यांनी वर्गशिक्षिकेला असं फैलावर घेतलं होतं, की लेकीची तुकडीच बदलावी लागली. आता बदलायला तुकडी उरली नव्हती. बायकोला नेमकी दवाखान्यात ड्यूटी, त्यामुळे जाणं मास्तरांच्याच गळ्यात आलं. निघताना तिने बजावलं, की बाईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा, आणि राग आलाच तर डोळे मिटून देवाचा धावा करा. लेकीने तर हातच जोडले.

"बघाच तुम्ही, आज माझ्या तोंडून वावगा शब्द निघायचा नाही," मास्तर ऐटीत म्हणाले.

वर्गात मुलांच्या बुटक्या बाकावर ते गुडघे हनुवटीला लावून बसले. समोर बाई, घसा पार बसलेला. मुलगी हुशार आहे, पण तासाला झोपते, असं त्यांनी सांगितलं. मास्तरांचं डोकं तापलं. ती झोपते की तुम्ही झोपवता, हे वाक्य दातांपर्यंत आलं होतं. ते गिळून त्यांनी डोळे मिटले. देवा, जीभ आवर! देव दुसऱ्या कामात असावा, कारण राग उतरायला बराच वेळ लागला.

डोळे उघडले, तर बाई टक लावून बघत होत्या.

"घरी सगळ्यांची झोप होते ना नीट?"

मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले. आता ओठही हलू लागले. रांगेतल्या एका आजोबांनी निदान केलं, की गृहस्थांना भोवळ आली आहे, आणि बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. मास्तर दचकले. शिकाऊंच्या शेजारी बसून बसून त्यांचा पाय संकटात आपोआप ब्रेक दाबायचा. तसा तो दाबला गेला. ब्रेकच्या जागी बाईंच्या पायाचा अंगठा होता.

बाई कळवळल्या. मास्तर ओशाळले आणि त्यांना एकदम बायकोचा उपदेश आठवला.

"दिवसभर उभं राहून तुमचे पाय आधीच भरून येत असतील, नाही का हो?"

बाईंना असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचे डोळे डबडबले. मग त्यांनी पाय, पाठ, तपासायचे पेपर, घरची सासू, सगळं संथ लयीत सांगायला घेतलं. मास्तर अगदी मनापासून ऐकत होते. पण ते पहाटेपासून गाडीत होते, वर पंखा गरगरत होता आणि बाईंचा आवाज भलताच मऊ होता. आजोबांनी खांदा हलवला, तेव्हा मास्तरांच्या घोरण्याने मागची रांग हसत होती.

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की सभा शांततेत पार पडली. बायको खूश झाली.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून उड्या मारतच आली. "बाबा, बाईंनी मला मागचा बाक दिला. म्हणाल्या, झोप खुशाल, तुझा दोष नाही, घराण्यातच आहे."