पळतं घोडं, बसलेला उंट

एका मंगळवारी सकाळी माझी बायको सुमन गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे भिकाभाऊ बुद्धिबळाचा पट काखेत मारून आमच्या कार्ल्याच्या घरी आले. "मास्तर, बसा," म्हणाले. माझ्याच घरात, मला.

तेव्हापासून ते रोज येतात. डाव संपला की मी दार लावून आडवा होई, तो दुसऱ्या दिवशी त्यांची हाक येईपर्यंत.

भाऊंनी उमेदीत बैलबाजार केले आणि बुद्धिबळही ते तसंच खेळतात. मारामारीची वेळ आली की आधी माझी सोंगटी उचलतात, उलटी करून बुडाचं कापड बघतात, मग आपली.

"तुमचं घोडं लय पळतंय. माझा उंट प्याद्यांमागं दावणीला बसलाय. चला, अदलाबदल!"

स्वतःच्या मालाची अशी बदनामी करणारा व्यापारी मी पाहिला नव्हता.

"पण भाऊ, दोघांची किंमत सारखीच ना?"

"किंमत बाजारात. हितं काम बघायचं."

पटावर दाटी झाली की म्हणतात, "येकयेक जनावर भाईर काढू." मागे पडले की कशालाच हात लावू देत नाहीत. पुढे असले की मात्र कापाकापी. "माझी चार, तुमची तीन. दोन-दोन गेली, तर माझी दोन, तुमचं एक. सांगा मास्तर, नांगर कुणाचा चालंल?"

एकदा मी त्यांना लोणावळ्याला स्पर्धेला नेलं. तिथे त्यांनी सवयीने समोरच्याचा हत्ती उचलून तपासला. स्पर्धेचा नियम असा, की हात लावला म्हणजे मारायलाच हवा, आणि तो हत्ती मारू शकत होता फक्त त्यांचा वजीर. हत्ती मारला, पण पुढच्याच चालीत वजीर गेला. "दात न बघता बैल घ्यायचा व्हय?" असं पंचांना विचारून भाऊ तडक बाहेर पडले.

परवा ते एका हत्तीने पुढे होते. मी कंटाळून वजिरासमोर वजीर आणला. होऊन जाऊ दे म्हटलं. भाऊंनी माझा वजीर उचलला, उलटा करून पाहिला, परत ठेवला आणि आपला मागे घेतला.

"भाऊ, पुढे आहात. कापा की! तुमचाच नियम."

"न्हाई."

"का?"

"डाव लवकर संपंल." ते पटाकडेच बघत होते. "मग तुमी दार लावणार. अन् मला तरी घरी कोन हाय?"

मी उठून चहा टाकला.

डाव खिडकीपाशी मांडलेला आहे. दोन्ही वजीर पटावर आहेत.