ढवळेकाकांची पंगत

अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडच्या कॉलनीतले ढवळेकाका माशांना खाणं टाकताना "सावकाश होऊ द्या" म्हणतात. तेही हात जोडून. मी स्वतः पाहिलंय, उगाच सांगत नाही.

मासेही कसले, तर निऑन टेट्रा. सेफ्टी पिनेएवढे. अंगावर चमकती निळी रेघ, शेपटीकडे लाल. मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले, पण काका त्यांच्याशी अस्सल नागपुरी बोलतात. चिमूटभर खाणं पडलं की सगळा घोळका एकदम वळतो आणि काकांचा आग्रह सुरू होतो. "अबे, तू काऊन मागं राहिला? घे ना."

काका सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर लोकांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी माशांची सरबराई करायची. कॉलनीत कुणी नवीन आलं की काका टेट्रा भेट द्यायला हजर. पण एकच मागितलात तर मिळणार नाही, अर्धा डझन न्यावे लागतात. एकटा टेट्रा खात नाही, त्याचा रंग उडतो, हे मी इतक्यांदा ऐकलंय की डोक्यात जातं.

त्याहून डोक्यात जायचं ते पॉटलकमधलं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणातलं, त्यांचं वागणं. यायचे, हसवायचे, सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचे आणि स्वतः मात्र डबा भरून घरी. का, तर मासे वाट बघतायत. माशांना काय घड्याळ कळतं? हा माणूस आपल्याकडे बसून चार घास खाईल तर शपथ, असं मी नवऱ्याला, शेखरला, कितीदा तरी म्हटलं असेल.

मग एका हिवाळ्यात वादळ झालं. झाडं पडली, वीज गेली. सगळ्यांच्या इलेक्ट्रिक शेगड्या थंड, गॅस फक्त आमच्याकडे. त्यामुळे शेजारीपाजारी आमच्याकडेच जमले. काका आले ते जॅकेटच्या आत बरणी धरून. मला वाटलं, चला, लोणचं तरी आणलं! बरणीत टेट्रा होते. टाकीचा हीटर बंद पडलेला, मासे पार फिके होऊन तळाशी बसलेले. काकांचा चेहराही तसाच. थोडं पाणी गरम करून मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

खिचडीशेजारी मी पाणी तापवलं. पातेल्यात कोमट पाणी आणि त्यात बरणी. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं काका सारखा हात लावून बघत होते. बऱ्याच वेळानं एकाची रेघ निळी झाली, मग दुसऱ्याची. घोळका फिरायला लागला तेव्हा आमच्या घरात चक्क टाळ्या वाजल्या.

खाली कार्पेटवरच पंगत बसली. काकांनी सगळ्यांना वाढलं आणि सवयीनं डबा मागितला. मी म्हटलं, काका, मासे तर इथेच आहेत, आता घरी कोण वाट बघतंय?

काकांनी बरणीकडे पाहिलं. "तुझी काकू गेल्यापासून एकट्यानं घास उतरत नाही, बेटा. टाकीपुढं बसलो की दोन घास जातात. चारचौघांत जेवलो, तर दुसऱ्या दिवशी ते पण जात नाही. म्हणून सवयच नाही लावून घेतली."

शेखरनं सरकून जागा केली. मी काकांना तिथं बसवलं, बरणी ताटापुढं ठेवली, खिचडी वाढून वर तूप सोडलं. उद्याही इथेच जेवायचं, असं दटावलं आणि हात जोडून म्हटलं, "सावकाश होऊ द्या."

वीज आली, लोक उठून हात धुऊन आले, तरी काका बसलेलेच. मग जरा चाचरत त्यांनी ताट पुढं केलं.

"बेटा, तळाला खरवड असेल का थोडी?"