पौष्टिक वडी, नंबर के-४१७

परीक्षकबाई, तुम्ही माझ्यावर नुसता अन्याय केला असता तर मी गप्प बसलो असतो. तुम्ही अन्याय केलात आणि वर शाळेच्या लेटरहेडवर मला पत्र पाठवलंत. त्या सहा ओळींच्या पत्रात तीन वेळा 'खेदपूर्वक' आहे. खेद एकदा होतो, बाई. तीनदा होतो तो खोकला. ते पत्र आत्ता माझ्यासमोर आहे. त्याच्याकडं मी शेवटी येणार आहे. आधी वाचकांना सगळं सांगतो, कारण तुम्ही सांगणार नाही.

मी बाळासो. घर मंगळवार पेठेत, वर्कशॉप उद्यमनगरात. ट्रॅक्टरला लागणारे बारीकसारीक पार्ट आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे मी आणि मीरासाबचाचा. चाचा लोखंडाचा साचा असा कोरतात की कुंभारानं हात जोडावेत. मला शाळेनं नववीत सोडलं, पण केसाएवढा फरक माझ्या बोटाला कळतो. म्हणून शाळेची नोटीस आली तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "तासाभराचं काम हाय."

नोटीस अशी होती : 'वडिलांच्या हातची पौष्टिक वडी' स्पर्धा. सुकी फळं, सुकामेवा आणि बिया वापराव्यात. साखर चालणार नाही. आणि खाली जाड अक्षरात : विकतचा पदार्थ आणू नये.

ते जाड अक्षर माझ्यासाठी होतं. मागल्या वर्षी मी बेकरीतून वड्या आणल्या, कागद काढले आणि स्टीलच्या डब्यात भरून पाठवल्या. एक कागद डब्याच्या तळाला चिकटून राहिला. याच परीक्षकबाईंनी तो चिमटीत धरून अख्ख्या वर्गाला दाखवला. त्या दिवसापासून माझ्या मुलीचं, निशिगंधाचं, वर्गातलं नाव पडलं 'पाकीट'. पोरगी पाचवीतून सहावीत गेली, पाकीटही बरोबर गेलं. नोटीस आली त्या दिवशी तिनं वर्गात उभं राहून सांगितलं होतं, "माझे पप्पा स्वतः करणार. तुम्हीच खाऊन बघा."

म्हणजे शब्द तिनं दिला होता आणि पाळायचा मला होता.

पहिला घाणा रविवारी सकाळी काढला. खजूर, मनुका, अंजीर, बदाम, भोपळ्याच्या बिया, तीळ, जवस. भाजलं, कुटलं, ताटात थापलं, सुरी लावली. सुरी लावली तिथून सगळं पळालं. बायको, संयोगिता, दारात उभी होती. तिनं मूठभर तोंडात टाकलं.

"चिवडा छान झालाय की."

"वडी हाय ती."

"व्हय काय? मग गुळाचा पाक कसा करायचा सांगू?"

"अजिबात न्हाय. वडिलांच्या हातची म्हटलंय."

दुसऱ्या घाण्याला मी चिक्कीचा गूळ आणला. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर टणकन वाजला पाहिजे म्हणतात. माझा असा वाजला की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. सगळं ढवळून ताटात ओतलं. तासाभरानं वडी आणि ताट यांचं असं काही जमलं होतं की दोघं एकमेकांना सोडेनात. सुरी वाकली. सराट्याचा दांडा तुटला. शेवटी वर्कशॉपातून ग्राइंडर आणला आणि ताटासकट वड्या कापल्या. ताट संयोगिताच्या माहेरचं होतं, पेठ वडगावचं. त्यावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं, तानाबाई. कट नेमका मधून गेला. 'ताना' एका तुकड्यावर, 'बाई' दुसऱ्यावर.

संयोगिता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या शांततेत मला खरी गोष्ट कळली. वडी गुळानं धरत नाही, दाबानं धरते. दाब बरोबर असला तर खजूर पुरतो, पाक लागतच नाही. आणि दाब हे तर माझं पोटापाण्याचं काम.

चाचांना म्हटलं, "वडीचा साचा पायजे. स्टेनलेसचा. कोरा करकरीत."

"लांबी, रुंदी सांग," चाचा म्हणाले. त्यांनी 'कसली वडी' असंही विचारलं नाही.

जुना हातप्रेस आम्ही उकळत्या पाण्यानं तीन वेळा धुतला. माझ्या लग्नात मी एवढा स्वच्छ नव्हतो. मग तो टेंपोत घालून घरी आणला, कारण पदार्थ घरीच व्हायला हवा होता. चौघांनी उचलून स्वयंपाकघरात ठेवला. एक फरशी फुटली, ती मी मोजत नाही. साच्याला तुपाचं बोट लावलं, मिश्रण भरलं, दांडा खाली ओढला. टप्पकन वडी खाली. धार अशी की दाढी करावी. प्रत्येक वडी बरोबर साठ ग्रॅम. मिश्रण नऊ किलो केलं होतं. शंभराच्या खाली माल मी आयुष्यात काढलेला नाही.

आणि प्रत्येक वडीच्या पाठीवर सुबक उठावाची अक्षरं : के-४१७.

त्याचं असं आहे. आमच्या धंद्यात मालावर नंबर नसला तर तपासणीवाला माल उघडूनही बघत नाही, परत पाठवतो. चाचांनी तीस वर्षांत बिननंबरचा साचा बनवलेला नाही. चारशे सोळा नंबरचा साचा मागल्या महिन्यात झाला होता, म्हणून हा चारशे सतरा. मला नंबर दिसला आणि उलट बरं वाटलं. माल पक्का झाल्यासारखा वाटला.

संयोगिता तेवढ्यासाठी बोलली. "अहो, हे काय?"

"नंबर हाय."

"वडीला?"

"मग काय बिननंबरचा माल पाठवू?"

शनिवारी शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली होती. निशिगंधानं बशीत सहा वड्या लावल्या, एका रेषेत. शेजारी राजवीरचे वडील त्यांच्या वड्या घेऊन उभे होते. 'पाकीट' हे नाव याच राजवीरनं काढलेलं. परीक्षकबाई आल्या. वडी उचलली. वास घेतला. खूश दिसल्या. मग वडी उलटी केली.

"के चारशे सतरा," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हा बॅच नंबर आहे."

"न्हाय बाई, साच्याचा नंबर हाय," मी म्हणालो.

"साचा? म्हणजे तुमचा कारखाना आहे?"

"हाय की."

"मग हा कारखान्यातला माल झाला. सॉरी. विकतचा पदार्थ चालणार नाही हे आम्ही स्पष्ट लिहिलं होतं."

"विकत कुणाकडनं घेऊ? माझ्याकडनंच?"

बाईंनी वहीत रेघ मारली. एक वडी उचलून पर्समध्ये टाकली. "ही पुरावा म्हणून ठेवून घेते," म्हणाल्या. मागच्या रांगेतून बारीक आवाज आला, "पाकीट." निशिगंधा रडली नाही. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. मी आजवर पुष्कळ तपासणीवाले बघितलेत, पण असं कुणी बघितलं नव्हतं.

आयुष्यभर नंबर नाही म्हणून माल परत आला. पहिल्यांदाच नंबर आहे म्हणून आला. मी फोन काढला.

"चाचा, घरातला प्रेस टेंपोत घाला. उरलेलं मिश्रण घ्या. शाळेत या."

"काय झालं?"

"माल रिजेक्ट झालाय."

"कुणी केला?" चाचांचा आवाजच बदलला. वीस मिनिटांत टेंपो फाटकात होता. शिपाई आडवा आला तेव्हा चाचा म्हणाले, "पावणं, सरका, जड हाय," आणि तो सरकला. प्रेस पटांगणाच्या मधोमध उतरला. स्वच्छ पांढऱ्या कापडानं झाकलेला, नवरदेवासारखा.

"बाई," चाचा म्हणाले, "माल तपासायचा तर मशीनवर येऊन तपासा की."

"हे यंत्र आहे," बाई म्हणाल्या. "हातानं केलेलं हवं होतं."

"तुमच्या वडीचं कूट कशात केलं?" मी राजवीरच्या वडलांना विचारलं.

"मिक्सरला," ते म्हणाले. माणूस सरळ होता.

"मिक्सरला वीज लागते. माझ्या प्रेसला दंड लागतो. निशिगंधा, हात धू."

तिनं हात धुतले, साचा भरला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि लोंबकळलीच. टप्प. वडी खाली पडली. पाठीवर के-४१७. तिनं ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. बरोबर तशीच, जसा मागल्या वर्षी बाईंनी कागद दाखवला होता. मग ती वडी तिनं राजवीरच्या हातात दिली.

"खा. आणि पाकीट कुठं दिसतंय सांग."

राजवीरनं खाल्ली. चावत राहिला. सगळं पटांगण त्याच्या जबड्याकडं बघत होतं. शेवटी तो म्हणाला, "अजून एक दे की."

त्यानंतर जे झालं ते आवरणं बाईंच्या हातात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. चाचांच्या खिशात आकडे ठोकायचे नवे पंच होते, तेही उकळून आणलेले. त्यांनी एका पोराच्या वडीवर त्याचा हजेरी नंबर ठोकून दिला. झालं. अख्खी शाळा रांगेत. मुख्याध्यापकांचा चहा गार झाला, कारण शिपाईही रांगेत होता. निशिगंधा प्रेसवर, चाचा पंचावर, मी मिश्रण भरायला. माझ्याच पोरीच्या हाताखाली मी हेल्पर.

"नंबर सांगा. ढकलाढकली करायची न्हाय. पुढचा."

"निशिगंधा, माझा चौदा," राजवीर परत आला होता. "जरा ठळक मारायला सांग."

"मला काय म्हणायचास?"

"काय म्हणायचो?"

"तेच. आठवत न्हाय न्हवं? मग बरं झालं."

उरलेलं सगळं मिश्रण तासाभरात संपलं. मी आधीच म्हटलं होतं, तासाभराचं काम आहे. त्या दिवसापासून तिला कुणी पाकीट म्हटलेलं नाही. आता 'शेठ' म्हणतात. तिनं विरोध केलेला नाही. 'बाई' लिहिलेला ताटाचा तुकडा संयोगितानं भिंतीवर लावलाय. 'ताना' अजून सापडायचा आहे. सासूबाई पुढल्या आठवड्यात येणार आहेत, म्हणजे मला अजून एका चौकशीला तोंड द्यायचं आहे. पण ते घरातलं आहे.

आता पत्र. परीक्षकबाई, तुम्ही लिहिता की, 'सदर पदार्थ खेदपूर्वक स्पर्धेबाहेर ठेवण्यात आला आहे. तो चवीस योग्य होता किंवा कसे, याबाबत समितीने खेदपूर्वक मत बनवलेले नाही. जप्त केलेला नमुना पुरावा म्हणून समितीकडे सुरक्षित आहे, तो खेदपूर्वक परत देता येणार नाही.' खाली तुमची सही.

सहीच्या शेजारी कागदाला भोपळ्याची अर्धी बी चिकटलेली आहे. मी ती भिंगाखाली बघितली. चाचांनी बघितली. मंद आचेवर भाजलेली आहे, कडेला खजूर आहे. कापलेली नाही, चावलेली आहे.

बाई, बशीत सहा वड्या होत्या. पाच मी परत आणल्या. सहावी कुठं आहे? आठ दिवसांत लेखी उत्तर द्या. आणि चव कशी होती, तेही त्याच कागदावर लिहा.