शिवाच्या बाटल्या

दिवाळे गावातलं मधुमेहाचं पथक तुम्ही बंद केलंत, साहेब. कारण काय, तर 'मूल्यमापन'. ते मूल्यमापन कसं झालं, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक आहे. तुम्ही विसरला असाल, तर पुन्हा एकदा ऐका.

पथक म्हणजे डॉक्टर श्यामसुंदर, नर्स जयमाला आणि काय खावं ते सांगणाऱ्या वैजयंतीबाई. दर गुरुवारी तिघं जीपमधून यायची आणि मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये बसायची. डॉक्टर गोळ्या द्यायचे, वैजयंतीबाई भात अर्धा करायला सांगून शिव्या खायच्या, जयमाला पाय बघायची. विमलबाईचं पाऊल वर्षापूर्वी इतकं चिघळलं होतं, की मुंबईच्या इस्पितळाने ते कापायचं ठरवलं होतं. आता त्याच पायाने ती डोक्यावर पाटी घेऊन बेलापुरात मासे विकत फिरत होती.

एका गुरुवारी तिचा पाय पुसताना जयमाला म्हणाली, "पुढच्या खेपेला मोठे साहेब येणार आहेत. मूल्यमापन आहे."

"म्हंजी आमची परीक्षा?"

"तुमची नाही, आमची. तुमच्या लघवीत साखर निघाली की आम्ही नापास."

"आनि नापास झालाव तं?"

"पथक बंद."

जयमाला हे थकून बोलली होती. विमलबाईने ते खरं धरून घरी नेलं. संध्याकाळी तिने सगळ्या पेशंट बायका ओट्यावर गोळा केल्या.

"गिऱ्हाईक आला का पाटीन वर काय लावताव?"

"ताजा म्हावरा," शेवंताबाई म्हणाली.

"मंग सायेब पन गिऱ्हाईकच. त्याला ताजा दाखवाचा."

गावात ताजा म्हणजे विमलबाईचा मुलगा शिवा. जाळं एका हाताने ओढणारा, आजार कसा तो माहीत नसलेला. गुरुवारी पहाटे त्याला घरात कोंडलं. समोर पाण्याचा हंडा आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची रांग.

"आये, भरती निंगून चालली. होरी न्यावची हाय."

"पयले बाटल्या भर."

"मी मानूस हाय का बोरिंग?"

"पानी पी नि गप ऱ्हा. नर्सबायची नोकरी हाय त्यान."

शिवाने बाटल्या भरल्या. त्या दिवशी त्याची होडी काही गेली नाही.

साहेब आले, म्हणजे तुम्हीच. खुर्ची पुसून बसले, नाकाला रुमाल लावला. जयमाला काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळू लागली. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. पहिली नळी निळी. दुसरी निळी. शेवंताबाईची निळी झाली तेव्हा जयमालाचा हात थांबला. विमलबाईची निळी झाली तेव्हा तिने वर बघितलं. विमलबाईने तिला डोळा मारला.

"वा!" साहेब म्हणाले. "गावात साखर नाहीच की! मग पथकाची गरज काय?"

डॉक्टर उठले. "सर, हा आजार जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो..."

"रोगच नाही, तर ताब्यात काय ठेवता? जीपला डिझेल लागतं, डॉक्टर. बंद करा."

मग विमलबाई पुढे आली.

"सायेब, ह्यो माजा नाय. सगला शिवाचा हाय."

"काय?"

"सगल्या बाटल्या त्याच्याच. माजा आता आनून देतंव."

ती शेडमागे गेली आणि खरी बाटली घेऊन आली. जयमालाने नळी उकळली. हिरवी झाली. वर्षभर त्या नळीकडे बघत आलेली जयमाला मोठ्याने हसली. "सर, हिरवी! गेल्या वर्षी विटेसारखी लाल होती!"

"साखर आहे की नाही, एवढंच सांगा."

"आहे, पण—"

"आहे ना? मग वर्षभर तुम्ही केलंत काय?"

विमलबाईने लुगडं सावरलं आणि पाय उचलून थेट साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"ह्यो केला. कापाचा व्हता. मोजा बोटा, पाची हायत."

साहेबांनी कप उचलला आणि कागद चाळला. "पायाचा रकाना नाही यात."

पुढच्या गुरुवारी जीप आली नाही. शिवा अजून आईशी धड बोलत नाही. पाणी दिसलं की तोंड फिरवतो.

विमलबाईने फसवलं, हे खरं. पण निळी दिसली तेव्हा रोग नाही म्हणून बंद, हिरवी दिसली तेव्हा रोग आहे म्हणून बंद. लाल दिसली असती तर जीप ठेवली असतीत? विमलबाई रोज तुमच्या कचेरीचा जिना चढून दाराशी पाटी घेऊन बसते, ती मासे विकायला नाही. तिला एवढंच विचारायचंय: कुठल्या रंगाला जयमाला परत येते?

सांगा. ती त्याच पायाने तुमचा जिना चढू शकतेय, तोवर सांगा.